देवळासाठी देवरहाटी तोडण्यापूर्वी : विश्वस्त आणि मानकऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि घाटमाथ्यावरील ग्रामदेवतांच्या देवस्थानांचे सन्माननीय विश्वस्त, मानकरी, गुरव, गावकरी आणि मुंबई मंडळांचे पदाधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

शिमग्याची पालखी घरोघर फिरून देवळात परतली, की गावोगाव जीर्णोद्धाराच्या बैठका बसतात. चाकरमानी अजून गावातच असतात, मंडळाचा जमाखर्च वाचला जातो, देणग्यांचे आकडे पुकारले जातात आणि नव्या मंदिराचा रंगीत नकाशा भिंतीवर लागतो. अलीकडे अशा बहुतेक नकाशांत देवळाभोवतीची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई, दिसत नाही. तिच्या जागी सभामंडप, पेव्हर ब्लॉकचे अंगण, गाड्या लावायला मोकळी जागा आणि रस्त्याच्या तोंडाशी कमान येते. आणि शेकडो वर्षे उभी असलेली झाडे ‘अडचण’ या एका शब्दात वजा होतात. हे पत्र त्या बैठकीपूर्वी आपल्या हाती पडावे, अशी इच्छा आहे.

मी भाविक माणूस आहे, देवीला नवस बोलतो आणि तो फेडतो, म्हणून माझे म्हणणे भक्तीच्याच अंगाने मांडतो. प्राणवायूचे आणि तापमानाचे आकडे बैठकीत कोणी सांगू लागले, की लोक घड्याळाकडे पाहतात, हे मी पाहिले आहे. आणि खरे सांगायचे तर त्यात लोकांची फारशी चूकही नाही, कारण आपल्या पूर्वजांनी राई राखली ती आकड्यांसाठी नव्हे. ती देवाची आहे, एवढेच कारण त्यांना पुरले. मला ते कारण आजही पुरते, फक्त ‘देवाची’ म्हणजे काय, याचा विचार आपण पूर्वजांपेक्षा कमी करू लागलो आहोत असे वाटते. राई देवाची आहे ती केवळ सातबारावर देवाचे नाव आहे म्हणून नव्हे (कित्येक ठिकाणी तिथे महसूल किंवा वन खात्याचेच नाव असते), तर तिच्यात देवाचा हात अजून चालू आहे म्हणून. देव किती देतो आणि देताना किती तऱ्हा योजतो, हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा आपल्या गावात नाही.

आपल्या देवळामागच्या ओढ्याकाठी बहुधा एखादा जुना उंबर असेल. तो दत्ताचा म्हणून त्याला आजवर कुऱ्हाड लागली नसेल. त्याच्या बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर थेट सालीतून घोसच्या घोस लगडलेले असतात आणि झाडाखाली त्याच फळांचा सडा पडलेला असतो. त्यांतले एक कच्चे उंबर हातात घेऊन उभे चिरून पाहावे. आत बिया दिसतील असे वाटते, पण दिसते ते वेगळेच: कवचाच्या आतल्या बाजूला दाटीने बसलेली शेकडो बारीक फुले. उंबराला फूल येत नाही अशी आपली समजूत आहे आणि क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. प्रत्यक्षात हे झाड एकेका फळात अख्खा बाग मिटून ठेवते.

आता या मिटलेल्या बागेत पराग न्यायचा कसा, हा प्रश्न उरतो. वारा आत शिरत नाही, मधमाशी शिरू शकत नाही, फुलपाखराला तर दारच सापडत नाही. फळाच्या टोकाला खवल्यांनी बंद केलेले एक सूक्ष्म छिद्र असते आणि त्यातून आत जाऊ शकेल अशी जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी या झाडासाठी आहे. ती दुसऱ्या उंबरावरून पराग घेऊन येते आणि या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद असते की घुसताना तिचे पंख तुटून पडतात, म्हणजे परतीचा मार्ग तिने स्वतःच मिटवलेला असतो. आत गेल्यावर ती काही फुलांत अंडी घालते, फिरताना इतर फुलांवर पराग पोचवते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडली, त्यांत तिची पिल्ले वाढतात. ज्यांत पडली नाहीत, त्यांचे बी होते. झाडाने आपल्या फुलांचा एक वाटा माशीच्या लेकरांना दिलेला असतो आणि माशीने त्या बदल्यात झाडाची वंशवेल चालवलेली असते. पुढे नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात, कारण त्यांना कुठे जायचेच नसते. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या कवचातून बाहेर पडण्याची वाट कुरतडतात आणि आयुष्य संपवतात. त्या वाटेने माद्या पराग अंगावर घेऊन उडतात, आणि एखाद-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना दुसरा उंबर गाठायचा असतो, तोही नेमका कच्च्या फळांच्या अवस्थेतला.

ही शेवटची अट नीट लक्षात घ्यावी, कारण तीतच आपल्या ठरावाचा संबंध येतो. टापूतले सगळे उंबर एकाच वेळी फळले, तर माशीला पुढचे झाडच मिळणार नाही. म्हणून प्रत्येक उंबर आपापल्या वेळेने फळतो, आणि त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पंचक्रोशीत कुठे ना कुठे उंबर पिकलेला सापडतो. आपले आंबे, काजू, फणस ठरावीक हंगामात येतात आणि संपतात. रानातली फळेही बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडी येतात. अशा वेळी ऐन पावसात किंवा हिवाळ्यात रानातल्या जिवांनी खायचे काय, याची सोय एका दोन मिलिमीटरच्या माशीच्या गरजेतून झालेली आहे. हरियाल, तांबट, बुलबुल, कुटुरगा, शेकरू, वानर, उदमांजर, रात्री वटवाघळे, खाली पडलेल्या फळांवर गुरे आणि रानडुकरे, ओढ्यात पडलेल्यांवर मासे: एवढी पंगत त्या एका झाडावर उठते. त्यातला हरियाल आपल्या राज्याचा पक्षी आहे आणि शेकरू राज्यप्राणी. बैठकीत ‘एका उंबराने काय होणार आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्या पंचक्रोशीत असे किती उंबर उरले आहेत आणि त्यांतला एक पडल्यावर माशीला पुढचे झाड किती लांब पडेल, एवढे त्याला विचारावे.

हे सारे उत्क्रांतीने घडले असे विज्ञान सांगते आणि ते मला पूर्ण मान्य आहे. कुंभाराने चाक वापरले म्हणून मडके त्याचे नव्हे, असे आपण म्हणत नाही. घडवणाऱ्याने लाखो वर्षे लागणारी, हजारो चुका सोसणारी, घाई नसलेली पद्धत निवडली, यात मला तर त्याचा अधिकच मोठेपणा दिसतो. ज्यांना तसा दिसत नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. हे पत्र त्यांना लिहिलेलेही नाही. ते आपणांस लिहिले आहे, कारण आपण त्याच घडवणाऱ्यासाठी वर्गणी गोळा करत आहात.

उंबराजवळच एखादा म्हातारा बेहडा किंवा सातवीण असेल, आणि तिच्या उंच खोडात ढोली असेल. कोकणात अनेक ठिकाणी ज्याला गरुड म्हणतात तो धनेश अशाच ढोलीत घर करतो. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा, फळांचा चोथा यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवते. पुढचे दोन-तीन महिने नर तिला आणि नंतर पिल्लांना त्या फटीतून भरवतो, आणि त्याच्या आणण्यात मोठा वाटा उंबर, वड, पिंपळ यांच्या फळांचा असतो. त्यांनी टाकलेल्या बियांतून राईची पुढची पिढी रुजते. आता असे पाहा, की धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. त्याला तयार ढोली लागते, आणि तेवढी ढोली धरण्याइतका घेर खोडाला यायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. आंब्या-काजूच्या बागा कितीही लावल्या आणि वनमहोत्सवात कितीही खड्डे खणले, तरी ते खोड आपल्याला लावता येत नाही. ते फक्त राखता येते. देवरहाटीबाहेर अशी खोडे आता कितीशी उरली आहेत, हे गावातल्या गुराख्याला विचारले तरी कळेल.

राईत वेगळेपणाचा सोस किती आहे, याची उदाहरणे देऊ लागलो तर पत्र संपणार नाही. गारंबीची वेल माणसाच्या मांडीएवढी जाड होऊन झाडांवरून झाडांवर जाते आणि तिची शेंग एक मीटरहूनही लांब भरते. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे आणि सीमेपलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची झाडे पाणथळीत उभी आहेत. चिखलात मुळांना श्वास मिळत नाही, म्हणून ती मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्यावर येतात आणि पुन्हा खाली जातात. पाणथळीत तगून राहण्याची ही युक्ती तिथल्या गावांनी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती, तरी ती जागा त्यांनी देवाची म्हणून सोडली, आणि बांबर्डे इथल्या त्या जागेला पुढे सरकारने जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. घाटमाथ्यावरच्या मंडळींना कारवी माहीतच आहे: सात-आठ वर्षे मुकाट्याने वाढते, मग अख्खा डोंगर एकदम निळा-जांभळा करते, मधमाश्यांची पोळी भरून देते आणि सुकते. सुकलेल्या काठ्यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांचे कूड उभे राहिले. बी मात्र लगेच सांडत नाही. ते कोरड्या बोंडांत थांबून राहते आणि पाऊस अंगावर पडताच बोंडे तडतड फुटतात. एवढे सगळे देऊन पुढच्या पिढीची तजवीजही केलेली आहे.

आपल्या नव्या मंदिरांत दारातच देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक असतात आणि रकमेप्रमाणे अक्षरे लहान-मोठी असतात. त्याला माझा विरोध नाही. माणसाला आपले नाव वाचायला आवडते आणि त्याने देऊळ उभे राहत असेल तर बरेच आहे. मनात येते ते एवढेच, की ज्याच्या नावाने हे चालले आहे त्याने त्या आवारात आजवर काय काय दिले याची यादी कुठे लावलेली नसते, आणि बहुधा त्यामुळेच ते तोडताना कोणाला काही वाटत नाही.

पाण्याचा मुद्दा आपणांस सांगायला नको. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांत टँकर येतो, कारण जांभ्याच्या उघड्या उतारावरून ते पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळते. राईतल्या पाचोळ्याच्या जाड थरात आणि मुळांच्या जाळ्यात ते मुरते, म्हणून बहुतेक जुन्या देवळांजवळ झरा, कुंड किंवा ओढ्याचा उगम सापडतो. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्या सुमारास काळकाईची राई वाचवण्यासाठी त्यांच्याकडे धाव घेतली होती, कारण भोवतालचे रान गेल्यावर राईतून येणारे पाणीच गावाला उरले होते. त्या गावकऱ्यांचे शिक्षण आपल्या आजच्या समित्यांपेक्षा नक्कीच कमी होते.

आता आपली बाजू. देवळाला गळके छप्पर आहे, म्हाताऱ्या माणसांना भर पावसात उभे राहावे लागते, जत्रेला आलेल्या माहेरवाशिणींना बसायला जागा नाही, पायऱ्या शेवाळल्या आहेत, साप निघतो: या तक्रारी खोट्या नाहीत आणि देऊळ बांधूच नका असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे, की देऊळ आहे त्या पायावर, आहे त्या आकारात सुधारता येते, आणि सभामंडप, स्वयंपाकघर, गाड्यांची जागा राईबाहेर, वाडीकडच्या बाजूला नेता येते. देवळापर्यंत दोनशे पावले चालायला लागली, तर देवीचे काही उणे होत नाही. शिवाय कित्येक गावांत ‘आईला छप्पर चालत नाही’ असा जुना संकेत आहे आणि तिचे तांदळे, म्हणजे न घडवलेले पूजेचे दगड, उघड्यावर, झाडाच्या मुळाशीच आहेत. सातेरी तर दक्षिण कोकणात आणि गोव्यात वारुळाच्या रूपातच पुजली जाते. जिने मातीचे रूप घेतले, तिला चकचकीत फरशीवर आणून बसवण्याआधी तिची इच्छा विचारायला हवी, आणि ती विचारण्याची रीत आपल्याकडे आहे.

ती रीत म्हणजे कौल, देवाला प्रश्न विचारून त्याचा होकार किंवा नकार घेणे. पूर्वी राईतले एक झाड, तेही देवकार्यासाठीच, तोडायचे असले तरी गुरव पाषाणाला कळे (फुले-पाकळ्या) लावून कौल मागत असे आणि उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळाल्याशिवाय कुऱ्हाड उचलली जात नसे. नव्या मंदिराच्या मुहूर्तासाठी आपण अजूनही कौल लावतो, मूर्ती बदलायची का यासाठीही लावतो, पण राईतली चाळीस झाडे काढायची का, हा प्रश्न मात्र कंत्राटदाराला विचारला जातो. हे मला मानकऱ्यांकडून समजून घ्यायला आवडेल.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. राई आजवर टिकली ती बरीचशी भीतीमुळे. तिथली काटकीही घरी आणली तर रक्त ओकावे लागेल, गुरे मरतील, वंश बुडेल, असे आपल्याला लहानपणी सांगितले गेले. शिकलेल्या पिढीची ती भीती गेली, आणि जायलाच हवी होती. भीतीपोटी केलेली राखण ही काही फार उंचीची भक्ती नव्हे. परंतु भीती गेल्यावर तिच्या जागी कृतज्ञता यायला हवी होती, ती आलेली नाही. मध्येच जी पोकळी राहिली, तीत कंत्राटदार आला, सुशोभीकरणाचा निधी आला आणि ‘विकास’ आला. मुलांना राईत नेऊन एक उंबर चिरून दाखवणारा कोणी असता, तर त्यांना रक्त ओकण्याची धमकी देण्याची गरजच पडली नसती. हे काम शाळेने करावे असे आपण म्हणू. पण देव कसा आहे हे सांगण्याची जबाबदारी शाळेची नव्हे, ती देवस्थानाची आहे. कीर्तनाच्या आणि नामसप्ताहाच्या कार्यक्रमात एक सकाळ राईत फिरण्यासाठी ठेवली, गावातला जो जाणता माणूस झाडे ओळखतो त्याला पुढे चालवले आणि प्रत्येक झाड कोणाला काय देते हे त्याने सांगितले, तर त्या निरूपणाला व्यासपीठ आणि ध्वनिवर्धक लागणार नाही.

ज्या गावांत काम सुरू झाले आहे किंवा झाडे आधीच गेली आहेत, त्यांच्यासाठीही थोडे. उरलेल्या झाडांभोवती सिमेंटचे पार बांधू नयेत. मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोचायची थांबते आणि झाड काही वर्षांनी ‘आपोआप’ वाळते. पडलेली खोडे उचलून विकू नयेत. त्यांच्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, भुंग्यांच्या अळ्या वाढतात आणि शेवटी त्यांचीच माती होऊन ती राईला परत मिळते. पाचोळा जाळून आवार ‘स्वच्छ’ करू नये. मोकळ्या झालेल्या जागेत आकेशिया, गुलमोहर किंवा शोभेचे पाम लावण्याचा मोह टाळावा आणि शेजारच्या गावच्या राईतून, तिथल्या मानकऱ्यांना विचारून, बेहडा, सातवीण, उंबर, सुरंगी यांचे बी किंवा रोपे आणून मिरगाच्या पहिल्या पावसात लावावीत. जागेभोवती दोन-तीन वर्षे गडगा घालून गुरे बाहेर ठेवली, तर बरीचशी राई पाखरेच पुन्हा पेरतील. आणि ज्यांना कायद्याचा आधार हवा आहे त्यांच्यासाठी: २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती आपल्या गावात कागदावर तरी असेलच. राईतल्या झाडांची, वेलींची, पक्ष्यांची आणि पाण्याची नोंद तिच्या नोंदवहीत करून घ्यावी, म्हणजे पुढच्या समितीला ही जागा ‘पडीक’ म्हणून दाखवता येणार नाही.

येत्या बैठकीत जीर्णोद्धाराचा ठराव मांडण्यापूर्वी सर्व विश्वस्तांनी आणि नकाशा काढणाऱ्या अभियंत्यांनी एकदा सकाळी राईत चालून यावे, जी झाडे जाणार आहेत त्यांवर खूण करावी, आणि त्या प्रत्येक झाडाचे नाव घेऊन देवीला कौल लावावा. कौल काय मिळाला ते ठरावात लिहावे आणि ठराव वाडीवाडीत वाचून दाखवावा, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
कोकणातल्या एका देवस्थानाचा वर्गणीदार आणि भाविक